जाळीपाशी कुणीतरी पाहिजे

पावणं, घसा पार बसलाय. बोलायला गेलो की तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आवाज येतो. बायको म्हणते, "चार दिवस गप बसा, तेवढाच घराला आराम." म्हणून लिहितोय. तसंही तुमच्याशी जे बोलायचं होतं ते घसा चांगला होता तेव्हा मला वर्षभर जमलं नव्हतं.

तुम्हाला जाऊन आता तीन आठवडे होतील. दिवसकार्य उरकलं, आजऱ्याची तुमची बहीण गेली, दारातल्या चपलांचा ढीग कमी झाला. लोक तुमच्याबद्दल 'होते' म्हणायला सरावलेत. मी अजून अडखळतो. तुमचा थोरला माझा जावई झाला त्या दिवसापासून मी तुम्हाला पावणं म्हणत आलो आणि तुम्ही मला. आपली खरी नावं लग्नपत्रिकेत शेवटची छापली गेली असतील.

माझ्या सारिकाला तुमच्या घरी दिली तेव्हा गल्लीनं मला विचारलं होतं, "तात्या, पोरीसाठी दुसरी पेठ गावली न्हाय व्हय?" कारण तुमची तालीम ती तुमची आणि आमची ती आमची. तालमीत कुस्ती चालते हे बाहेरगावच्या माणसाला माहीत असतं. त्याच तालमीचा फुटबॉलचा संघ असतो आणि त्या संघापायी सख्खे भाऊ महिना महिना बोलत नाहीत, हे त्याला समजावून सांगावं लागतं. समजावून झालं तरी त्याला पटत नाही.

आपली पहिली भेट तुम्ही कुणाकुणाला सांगितली असेल कोण जाणे. फोनवर पत्ता मीच सांगितला होता: शाहूपुरीत शिरलात की दुसऱ्या बोळाला डावीकडं. पावणं, मला डावं-उजवं चटकन कळत नाही. लहानपणापासून. ज्या हातानं जेवतो तो उजवा, हे मला मनातल्या मनात एक घास घेऊन ठरवावं लागतं. त्या दिवशी घाई होती, घास घ्यायचा राहिला. तुम्ही सात माणसं डावीकडं वळलात, आणि नेमकं त्या बोळात दुसऱ्या एका घरी त्याच दिवशी मुलगी बघायला पाहुणे यायचे होते. त्यांनी तुम्हाला या-बसा केलं. तुम्ही पोहे खाल्ले, चहा घेतला. मुलीला नाव विचारलं, तिनं भलतंच सांगितलं, तेव्हा कुठं उठलात. आमच्या दारात आल्यावर तुमचं पहिलं वाक्य होतं, "पावणं, पोहे नकोत. तुमच्या नावानं खाऊन आलोय." मी शरमेनं मान खाली घातली आणि तुम्ही एवढ्या जोरात हसलात की आतल्या खोलीत सारिकालाही हसू आलं. सोयरीक तिथंच जमली असं माझं मत आहे. तुमचं मत वेगळं होतं. तुमचं मत नेहमीच वेगळं असायचं.

आता स्टेडियमचं. तुम्हाला सांगायला नको, पण लिहिताना वाचणारा डोळ्यासमोर येतोच. चारी बाजूंनी पायऱ्या, मधे मैदान. एका लांब बाजूला आमची तालीम, समोर तुमची. वाद्यांवर बंदी आली तेव्हापासून सगळा आवाज माणसाच्या अंगातून काढावा लागतो. टाळ्या, शिट्ट्या, पायरीवर आपटलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि तोंड. आमच्या गॅलरीत तोंडाचं खातं माझ्याकडं. घोषणा मी सुरू करायच्या, पोरांनी उचलायच्या. पंचाच्या चष्म्यावर, तुमच्या सेंटर फॉरवर्डच्या पोटावर, कशावरही मी उभ्या उभ्या यमक जुळवून देत होतो. घरी या माणसाचं कुणी ऐकत नाही, तिथं हजारभर माणसं माझ्यामागून तेच वाक्य ओरडायची. या गोष्टीची नशा काय असते हे मी तुम्हाला एकदा सांगायला गेलो, तर तुम्ही म्हणालात, "ती नशा दारूपेक्षा वाईट. दारू पिणाऱ्याचं तोंड तरी सकाळी वास मारतंय, त्याला कळतंय."

तुम्ही गॅलरीत कधी बसलाच नाहीत. तुमचा धाकटा विरू गोलात उभा राहायला लागला तेव्हापासून तुमची जागा ठरलेली: त्याच्या पाठीमागं, जाळीला धरून. हाफटाइमला संघ बाजू बदलतात, म्हणून तुम्हीही बदलायचात. बगलेत छत्री, डोक्यावर टोपी, आणि आमच्या गॅलरीसमोरून एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत शांत चालत जायचात. तुमच्या बाजूनंही जाता आलं असतं. पण तुम्ही मुद्दाम आमच्यासमोरून यायचात आणि आमची पोरं त्याची वाटच बघत असायची.

"पावणं, च्या घेणार?" मी वरनं ओरडायचो.

"घेतो की. पण पत्ता तुम्ही सांगू नगा."

एवढं बोलून तुम्ही पुढं. गॅलरी खदखदायची. मॅच हरलो तरी त्या दहा पावलांचं देणंघेणं मला आठवडाभर पुरायचं.

आपला वाद यावरच होता. तुम्ही म्हणायचात, जाळीपाशी उभं राहून मी हाक मारली की विरूला ऐकू येतं. मी म्हणायचो, "गप बसा पावणं. तिथं माझा आवाज मला ऐकू येत न्हाय, तुमचा त्याला काय ऐकू येतोय? गर्दीत एकाचा आवाज पोचत न्हाय. गर्दीचा पोचतो." तुम्ही चाळीस वर्षं लेथ मशीनवर काढलेली. तुमचं म्हणणं होतं की मशीनच्या आवाजावर चढून ओरडणारा कारागीर शिकाऊ असतो. जुना माणूस त्या आवाजाच्या बाजूनं बोलतो, बारीक आणि तुटक, वेगळ्या पट्टीत, आणि शेडच्या पलीकडच्या टोकाला बरोबर ऐकू जातं. मी म्हणालो, हे सगळं लेथवाल्यांचं पुराण आहे. आठवतं, लॉकडाउनमध्ये टीव्हीवर परदेशातल्या मॅचेस लागायच्या, स्टेडियम रिकामं आणि गर्दीचा आवाज वरनं भरलेला? आपण आपापल्या घरी बसून फोन चालू ठेवून बघत होतो. मला तो आवाज चांगला वाटला होता. तुम्ही पाच मिनिटांत म्हणालात, "बंद करा ते. ह्यात कुणाचा बा न्हाय."

मी तेव्हा हसलो होतो.

आणि मग ती पाल. पावणं, हे लिहायचा मला कंटाळा आलाय, कारण रोज झोपायच्या आधी हे एकदा मनात होतंच. पण ते टाळून पुढं जाता येत नाही.

रविवारी दुपारी तुमच्या घरी जेवायला होतो. ट्यूबलाइटमागनं पाल सुटली ती थेट विरूच्या खांद्यावर. सहा फुटांचा गडी, शहरातला नावाजलेला गोलकीपर, ताट सोडून कॉटवर चढला आणि उशी छातीशी धरून उभा राहिला. सारिकानं झाडूनं पाल बाहेर काढली तेव्हा तो खाली आला. तुम्ही हसून हसून डोळे पुसलेत आणि मग एकदम गंभीर होऊन मला म्हणालात, "पावणं, हे दारातनं भाईर जाऊ द्यायचं न्हाय. मैदानात पोरं त्याला जगू देणार न्हाईत." मी ताटाला हात लावून शब्द दिला. उजवा हात होता, खात्रीनं सांगतो. जेवतच होतो.

दीड महिना मी तो शब्द पाळला. माझ्या आयुष्यातला तो विक्रमच.

मग आपल्या दोन तालमींची मॅच आली. आम्ही एक गोलनं मागं, वेळ संपत आलेली, पोरं माझ्याकडं बघतायत की तात्या काहीतरी काढा. आमचा फॉरवर्ड चेंडू घेऊन घुसला, आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "विरू, वर बघ, पाल!"

एकट्यानं ओरडलो होतो. हजार माणसांत एकटा. आणि पावणं, त्यानं खरंच वर बघितलं. गोलाच्या आडव्या दांड्याकडं, अगदी लहान पोरासारखं. चेंडू त्याच्या दोन पायांमधनं गेला.

आमची गॅलरी एक क्षण थांबली, कारण कुणाला काही कळलं नाही. मग कळलं. 'पाल, पाल' सुरू झालं ते पंचानं शेवटची शिट्टी मारेपर्यंत बंद झालं नाही. जाळीपाशी उभं राहून तुम्ही मान वळवलीत आणि सरळ माझ्याकडं बघितलंत. एवढ्या गर्दीत शोधावंही लागलं नाही तुम्हाला. पुढच्या मॅचला पोरांनी रबरी पाली आणल्या. मी त्यांना म्हटलं, बास करा आता. तर एकजण म्हणाला, "तात्या, आता ती तुमची ऱ्हायली न्हाय. सगळ्या गॅलरीची झाली." खरंच होतं. आमच्यात तोंडाचं खातं माझ्याकडं आहे असं मी समजत होतो. बंद करायचं खातं कुणाकडंच नव्हतं.

तुम्ही एका शब्दानं भांडला नाहीत. भांडला असतात तर मी कोल्हापूरचा माणूस, परत भांडलो असतो, आणि दोन दिवसांत आपण चहाला बसलो असतो. तुम्ही काय केलंत, तर हाफटाइमला आमच्यासमोरून यायचं बंद केलंत. तुमच्या गॅलरीच्या बाजूनं वळसा घालून जायला लागलात. घरी गेलो की "या साहेब, बसा" म्हणायचात. साहेब! शाहूपुरीत सायकलचे सुटे भाग विकणाऱ्या माणसाला साहेब म्हणणं ही कोणत्या जातीची शिवी आहे हे मला त्या वर्षात कळलं. सारिका दोन्हीकडं बघत चहा ठेवायची. विरू समोर यायचाच नाही.

एकदा मी धीर करून तुमच्या वर्कशॉपवर आलो. बरोबर पाव किलो काजू. ज्याची बहीण काजूच्या गावाला, आजऱ्याला आहे त्या माणसाला मी काजू घेऊन आलो, यावरनं माझी अवस्था समजून घ्या. तुम्ही लेथवर होता. मान वर करून बघितलंत आणि परत कामाला लागलात. मशीन घरघरत होतं, लोखंडाचा कीस वेटोळं होऊन खाली पडत होता. मी तुमच्या पाठीमागं उभा. आणि पावणं, आता कबूल करतो, मी मुद्दाम मशीन चालू असतानाच बोललो. साध्या आवाजात, पुटपुटल्यासारखं. म्हटलं, "चुकलं माझं."

तुम्ही हात पुसले. मशीन बंद केलंत. शेडमध्ये एकदम शांत झालं. माझ्याकडं वळून विचारलंत, "काय म्हणाला?"

मी म्हणालो, "काय न्हाय. काजू आणलेत."

तुम्ही थोडा वेळ थांबलात. मला वाटतं बराच वेळ. मग "बरं" म्हणून पिशवी खिळ्याला अडकवलीत आणि मशीन चालू केलंत.

हजार माणसांसमोर दुसऱ्याच्या पोराची अब्रू काढताना माझा आवाज कापला नव्हता. दोन माणसांच्या शेडमध्ये दोन शब्द बोलताना मी मशीनच्या आड लपलो. नंतर म्हणू, निवांत म्हणू, असं धरून बसलो. तुम्ही सकाळी दाढी करताना गेलात. अर्ध्या गालाला साबण तसाच. मी पोचलो तेव्हा सारिका तो पुसत होती.

विरूनं खांदा दिला, मी मागनं चाललो. तो एकदाही माझ्याकडं वळला नाही. वळला असता तर मी काय केलं असतं ते मलाही माहीत नाही.

परवाच्या रविवारी मॅच होती. आपल्याच दोन तालमींची. विरूला सगळे म्हणाले, ह्यावेळी बस, कुणी नाव ठेवणार न्हाय. तो म्हणाला, आप्पा असते तर बसू दिलं असतं काय? मी ठरवलं होतं की जायचंच नाही. साठी उलटली, गुडघे दुखतात, आणि गर्दीचा आवाज आता कानात न जाता अंगावर येतो. सकाळी सारिकाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि ठेवता ठेवता म्हणाली, "तात्या, भावजी आज पहिल्यांदा मागं कुणी नसताना उभे राहणार. जाळीपाशी कुणीतरी पाहिजे होतं." आणि फोन ठेवला. तुमच्या घरी राहून पोरगी तुमच्यासारखं बोलायला शिकली आहे.

गेलो. आमच्या गॅलरीची पायरी न चढता खालनं सरळ चालत जाळीपाशी जाऊन उभा राहिलो. विरूनं डोक्याचे केस उतरवलेले, मानेवर ऊन पडलेलं. त्यानं वळून बघितलं, मला ओळखलं, आणि परत तोंड फिरवलं. पहिल्या अर्ध्यात मी एक शब्द बोललो नाही. तुमच्या संघाच्या बाजूनं ओरडायला जीभ वळेना आणि आमच्या बाजूनं ओरडायला तोंड नव्हतं.

हाफटाइमला बाजू बदलायची होती. तुमच्या वळशानं जाता आलं असतं. पण मी तुमच्या जुन्या वाटेनं निघालो, आमच्या गॅलरीसमोरून.

"तात्या, दत्तक गेला काय?"

"आरं, पोरीच्या मागनं बापबी नांदाय गेला!"

"पावणं, च्या घेणार?" कुणीतरी अगदी माझ्या आवाजात ओरडलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही एवढी वर्षं हे हसत कसं ऐकलंत? खालनं ती गॅलरी केवढी मोठी दिसते, पावणं. मला वरनंच माहीत होती.

दुसऱ्या अर्ध्यात 'पाल' सुरू झाली. बाप जाऊन वीस दिवस झालेल्या पोरासमोर. मी वळून दोन्ही हात हलवले, नको, नको म्हणून. त्यांना वाटलं, तात्या जोर वाढवायला सांगतायत. त्यांनी जोर वाढवला. चाळीस वर्षं मी त्यांना हात हलवूनच चढवत आलोय, त्यांची काय चूक? घसा तिथं बसला. "बंद करा" असं मी एकटा ओरडत होतो आणि कुणालाही ऐकू जात नव्हतं. माझंच म्हणणं खरं ठरत होतं.

शेवटची काही मिनिटं. गोल कुणाचाच नाही. आमचा एक पोरगा कडेनं सुटला. तुमचे बचावाचे दोघं दुसऱ्याच गड्याच्या मागं, विरूची नजर चेंडूवर, आणि हा मागच्या बाजूनं एकटा मोकळा येतोय. मला स्वच्छ दिसत होतं. आमचाच पोरगा, मीच त्याला पहिले बूट घेऊन दिलेले. विचार करायला वेळ नव्हता. जाळी धरली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला. बसलेल्या घशातनं तो बारीकच निघाला, तुटका, कुत्र्याच्या पिल्लासारखा.

"विरू! डावीकडं!"

आणि पावणं, तो गेला. एका क्षणाचाही विचार न करता, सगळं अंग झोकून, डावीकडं गेला.

पोरगा उजवीकडं होता. घास घ्यायचा राहिला.

पुढं काय झालं ते सांगतो, सोडवत नाही म्हणून. आमची गॅलरी वेडी झाली. तात्यानं शत्रूच्या गोटात जाऊन गोल करून दिला असं त्यांना वाटलं. माझ्या नावाच्या घोषणा सुरू झाल्या, माझ्याच चालीवर. दोघंतिघं मला खांद्यावर घ्यायला पळत आले. मी जाळीला दोन्ही हातांनी लोंबकळून होतो. आमची तालीम जिंकली आणि मला त्या जाळीच्या भोकांतनं मातीत जावंसं वाटत होतं.

मॅच संपल्यावर विरू जाळीपाशी आला. मी डोळे मिटले. म्हटलं, मार बाबा, एकदाचं होऊन जाऊ दे.

"तात्या, उजवा हात दावा."

मी मनातल्या मनात घास घेतला आणि हात वर केला.

"हां. आता कळतोय व्हय?" तो खाली मातीत बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, हातमोज्यानं त्यानं डोळे पुसले. "आप्पा सांगायचे ते खोटं न्हाय म्हणायचं. जेवताना सारखं सांगायचे, तुमच्या तात्यांच्या डाव्यानं आम्ही परक्याच्या घरी पोहे खाल्ले. गेल्या दिवाळीत पण सांगितलं. वैनीला ठसका लागला हसून."

गेल्या दिवाळीत. म्हणजे तुम्ही मला साहेब म्हणत होतात तेव्हा.

"माझं मी बघितलं असतं तर त्यो पोरगा दिसला असता," विरू म्हणाला. "पण जाळीमागनं हाक आली की मी बघतच न्हाय. सवय." मग उठला, पँट झटकली. "फुडच्या मॅचला हातावर लिहून या. डावा, उजवा."

म्हणजे पुढच्या मॅचला मी यायचं आहे. आमच्या तालमीनं मला ठेवून घेतलं तरी आणि काढून टाकलं तरी. वैताग आहे. गुडघे दुखतात.

तर पावणं, वादापुरतं बोलतो. मी हरलो. गर्दीत एकाचा आवाज पोचतो. माझा तर दोनदा पोचला आणि दोन्ही वेळा तुमच्याच पोरावर गोल झाला, पण पोचला. आणि तुमचं म्हणणं खरं असेल, तर त्या दिवशी लेथ चालू असताना मी पाठीमागं उभं राहून जे बोललो तेही तुम्हाला ऐकू गेलं होतं. तुम्ही तर त्यातले जुने कारागीर. ऐकू गेलं होतं म्हणूनच तुम्ही मशीन बंद केलंत. परत एकदा, शांततेत म्हणायला मला जागा करून दिलीत. मी तिथं काजू ठेवले.

आता माझ्या आसपास कुठलं मशीन चालू नाही. बायको बाजारात गेलीय, पंखासुद्धा बंद आहे. घसा बसलाय, पण लिहायला घसा लागत नाही.

चुकलं माझं.